वाढत्या अंगाची खुर्ची

“ताई, अंग सैल सोडा. खुर्ची तुम्हाला धरेल, तुम्ही खुर्चीला धरू नका.”

वैमानिक ताई अवकाशाचा पोशाख घालून, गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर पडल्या होत्या. गादीवाला त्यांच्या खांद्यामागून हात फिरवून कुठे सुरकुती राहिली का ते चाचपत होता. निम्मं आयुष्य त्याने सोफे आणि मोटारींच्या सीटा मढवण्यात घालवलं होतं. मग या खाजगी कंपनीने माणसांना अंतराळात नेणारं यान बांधायला घेतलं आणि त्याला बोलावणं आलं. यानातली खुर्ची ज्याची त्याच्या अंगाच्या साच्यावरून बनवावी लागते. परतताना यान जमिनीवर टेकतं तेव्हा असा दणका बसतो की अंगाला न बसणारी खुर्ची कणा मोडेल. हा नातेवाइकांत सांगायचा, “मी यान बनवतो.” बायको लगेच दुरुस्ती करायची, “गाद्या भरतात.”

“काका, बाकी सगळं झकास आहे,” ताई म्हणाल्या. “फक्त डोक्याकडे जरा पोकळ लागतंय.”

आता गिऱ्हाइकाला नाराज करून परत पाठवणं या माणसाला जन्मात जमलेलं नव्हतं. त्याने दोन बोटं जाडीचा फोमचा तुकडा कापला, डोक्याकडच्या कापडाखाली सारला आणि चार टाके घातले.

“आता?”

“आता घरी झोपल्यासारखं वाटतंय.”

गादीवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरला. खुर्चीची तपासणी आधीच होऊन गेली होती. एवढ्याशा तुकड्यासाठी तपासनिसाला पुन्हा कोण बोलावणार? दुपारी खुर्ची यानात चढली आणि यानाचं दार बंद झालं.

कंपनीला आता ते दार उघडणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीचं यान केव्हाच माणसं घेऊन जाऊन सुखरूप परत आलं होतं. यांचं मात्र कधी पॅराशूट रुसायचं, कधी झडप, आणि प्रत्येक वेळी उड्डाण पुढे गेलं की वर्कशॉपमधली आणखी काही टेबलं रिकामी व्हायची. पैसे लावणाऱ्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, ही तारीख शेवटची. थोरल्या साहेबांनी नखं कुरतडून कुरतडून बोटांची पार दुर्दशा करून घेतली होती.

संध्याकाळी गादीवाला घरी जेवायला बसला, तेव्हा बायको शेजारी धाकट्या लेकीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड उसवत होती.

“बघा,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हीच म्हणत होता ना, एवढं कापड आत कशाला दुमडतेस? वाढत्या अंगाचं शिवलं म्हणून यंदाही निभावलं.”

त्याचा घास हातातच राहिला.

“काय झालं? तिखट लागलं का?”

“अगं, खुर्चीत डोक्याकडे ती पोकळ जागा मुद्दाम ठेवलेली असते. वर गेलं की अंगाला वजन राहत नाही. कणा सैलावतो, माणूस दोन बोटं उंच होतो. येताना डोक्याला जागा लागते. आणि मी शहाणा ती बुजवून आलो.”

“मग उद्या सांगा की.”

“सांगितलं तर यान उघडावं लागेल. तारीख गेली तर कंपनीच गेली समज.”

“आणि नाही सांगितलं तर?”

त्याने ताट बाजूला सारलं. “उतरतानाचा दणका मानेवर येईल. ताईंच्या.”

बायकोने दाताने दोरा तोडला. “आपण पुन्हा सोफे भरू. त्यात काय मेलं? जेवा आता.”

सकाळी तो साहेबांच्या खोलीत उभा राहिला. वाटेत रचलेली सगळी वाक्यं दारातच सांडली.

“साहेब, ताईंच्या खुर्चीत मी एक चूक शिवून ठेवलीय.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर गादीवाल्याला बरं वाटलं असतं. “म्हणजे यान उघडायचं,” ते सावकाश म्हणाले, “आणि सगळं पहिल्यापासून तपासायचं.”

“हो.”

“लोक म्हणतील, एका गादीपायी बुडाले.”

“म्हणू देत. माझं नाव सांगा.”

“तुमचं नाव सांगून माझं काय भलं होणार आहे, काका?” साहेबांनी कपाळ चोळलं, मग फोन उचलला. “यान उघडा. खुर्चीत दोन बोटं जागा कमी आहे.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “हो, दोनच,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तो टाके उसवत होता तेव्हा ताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. “चूक माझीही आहे, काका. हे आम्हाला घोकून घोकून शिकवलंय, आणि मीच म्हटलं पोकळ लागतंय.”

“गिऱ्हाईक काहीही म्हणतं, ताई. शिवणाऱ्याने शुद्धीवर राहायचं असतं.”

तारीख गेलीच. पैसेवाले आले, फणफणले, आणि लावलेलं सगळं पाण्यात घालवण्यापेक्षा बरं म्हणून एक, अगदी शेवटची, मुदत देऊन गेले. पगार निम्मे झाले. गादीवाल्याकडे काही जण बघेनासे झाले. त्याने तेही गिळलं. आणि एके दिवशी यान खरंच वर गेलं.

परतीच्या दिवशी त्याला उतरणीच्या माळावर नेलं होतं, कारण खुर्चीतून माणूस अलगद सोडवायला खुर्ची ओळखणारा लागतो. पॅराशूट उघडताना त्याने पाहिलंच नाही. डोळे मिटून उभा होता. दणका पायांखालच्या जमिनीतून कळला. मग धूळ, धावाधाव, दार उघडल्याचा आवाज, आणि कोणीतरी त्याला पुढे ढकललं.

ताई डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. गादीवाल्याचा हात सवयीने पुढे गेला. हेल्मेट आणि खुर्चीची कड यांच्यामध्ये त्याने दोन बोटं घालून बघितली. बोटं जाईनात. एक बोटही जाईना. कशीबशी नखापुरती फट उरली होती.

ताईंनी एक डोळा उघडला. “काका,” त्या पुटपुटल्या, “पुरली जागा.”

गादीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. “उंची वाढलीय तुमची,” तो म्हणाला आणि पट्टे सोडवायला वाकला. पण डोळ्यांना एवढं पाणी आलं होतं की पहिलं बक्कल त्याला नुसतं चाचपूनच सोडवावं लागलं.