दोघांच्या नावाचं घर

त्या साली चैतात आमच्या ओट्यावर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घालायचं काम चाललं होतं. गल्लीतल्या बाया हातभार लावून आपापल्या चुलीकडे गेल्या. उरलो मी आणि शेजारची रत्ना. ऊन असं की थापलेली बिबडी बघता बघता कडक होत होती. मान वर न करता रत्ना म्हणाली, "अक्का, मी आते माहेर चालनू. कायमनी."

मला वाटलं, भांडण झालं असेल. "प्रेमराज काही बोलना का?"

"त्या काय बोलतीन?"

"हात उचला का मंग?"

"नही व अक्का. त्यास्नी कधीच हात नही लावा. काहीच नही करं." आणि तिने पुढची बिबडी थापायला घेतली.

प्रेमराज, तिचा नवरा, भुसावळकडे दीपनगरच्या वीज केंद्रावर ठेकेदाराकडे कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचा. लेकरूबाळ झालं नाही, आणि पुढे तो विषयही दोघांत कोणी काढेना. त्याची आई वच्छलाबाई लकव्याने चार वर्षं खाटेवर होती. तिचं न्हाणं, हगणं-मुतणं, पाठीवरच्या जखमा, सगळं रत्नाने केलं. प्रेमराज यायचा, आईच्या पायथ्याशी बसायचा, टीव्ही बघायचा, सोमवारच्या पहिल्या गाडीने निघून जायचा. म्हातारी गेली त्या दिवशी तो बहिणीच्या गळ्यात पडून रडला. रत्ना मागच्या दारी पाणी तापवत होती.

"त्या रडी राह्यंतात," ती नवऱ्याबद्दल मला सांगत होती, "नि माले काहीच वाटे ना. हातवर निखारा ठेवा असता तरी समजतं नही. तवयपाईन असंच शे."

त्याच रविवारी तिने प्रेमराजलाही सांगितलं. तो चिडला नाही, थांब म्हणाला नाही. मिशरीचं बोट दाढेतून काढून म्हणाला, "घरवरलं कर्ज?"

घर त्यांनी प्रेमराजच्या बापाच्या जागेवर नवीन बांधलं होतं, स्लॅबचं, पुढे फरशी टाकलेलं. कर्ज धुळ्याच्या एका कंपनीचं. बाईमाणसाचं नाव लावलं तर व्याज थोडं उतरतं म्हणून दोघांच्या नावाने काढलेलं. आता ते नाव निघायचं कसं, ते विचारायला दोघं धुळ्याला गेली. तिथला साहेब तरणाच होता. म्हणाला, "ताईंचं नाव मध्येच काढता येत नाही. भाऊंच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही. कर्ज फिटलं की दोघंही मोकळे."

अजून चौदा वर्षं होती.

तशीच निघून जायला रत्ना तयार नव्हती. उद्या हप्ता थकला तर वसुलीवाली माणसं तिच्या भावाच्या, निंबाच्या दारात उभी राहणार. निंबा आधीच भित्रा, त्यात वहिनी कजाग.

उठता उठता प्रेमराजने विचारलं, "साहेब, आधीच भरी टाकं तर?"

"भरा ना. हप्त्यावर जास्तीचे जेवढे भराल तेवढे सरळ मुद्दलातून जातील. फक्त एक सांगा. मग पुढचा हप्ता कमी करू, की मुदत?"

"मुदत," दोघं एकदमच म्हणाली.

साहेब हसला. "दोघांचं छान जमतं हं."

रत्नाने हे मला सांगितलं तेव्हा तीही हसली नाही आणि मीही नाही.

मग दोघं जी जुंपली ती जुंपलीच. प्रेमराजने तिकडे दोन-दोन पाळ्या धरल्या. यायचा तेव्हा कानाच्या पाळीत कोळशाची काळी रेघ असायची. मोटारसायकल विकली, एस्टीने येऊ लागला. रत्ना लोकांच्या मिरच्या तोडायला, कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी ब्लाउज शिवायची. गळ्यातली सोन्याची पोत मोडली आणि काळे मणी दोऱ्यात ओवून घातले. तो आला की दोघं जेवायला समोरासमोर बसत. तिने काय जमवलं, त्याने काय आणलं, अवंदा आपल्या वावरातल्या कापसाला भाव कसा राहील, बोलणं एवढंच. पण बोलणं होतं. म्हातारीच्या चार वर्षांत भिंतीपलीकडून मला दोघांचा मिळून आवाज कधी आला नव्हता.

एकदा मीच म्हटलं, "रत्ना, आते तं बरं चालू शे तुम्हनं. राही जाय ना."

"काम चांगलं चालू शे, अक्का," ती म्हणाली. "काम तं मी परका मानूससंगेबी करस."

गावाला आतलं काय ठाऊक? आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, इथे झाकायलाही काही नव्हतं. बचत गटाच्या बैठकीत बाया तिचं नाव घेऊ लागल्या. नव्या सुनांना सासवा सांगत, संसार पाहायचा तर रत्नाचा पाहा. चौदा वर्षांचं कर्ज तीन वर्षांत फिटलं, तेव्हा सरपंच लोटन नानांनी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोघांना शाल-नारळ दिला. नाना बोलले, "नवराबायको एक मनना ऱ्हायनात तं डोंगरबी हालस." टाळ्या झाल्या. मी मांडीवरच्या पदराकडे बघत राहिले. रत्नाला दोन शब्द बोलायला लावलं.

"भरत गऊत, फिटी गयं," ती म्हणाली आणि खाली बसली.

आठवड्याभरात घराचे कागद हातात आले. घर त्याच्याकडे राहील, भांडी आणि शिलाई मशीन तिच्याकडे, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. फाट्यावर मीही गेले होते. मशीन प्रेमराजनेच डोक्यावर आणली, गाडीत चढवून दिली. खाली उतरताना म्हणाला, "खिडकीजोडे बस. गरम व्हस."

ती खिडकीजवळ सरकली. गाडी गेली. तो तसाच वावराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी लोटन नाना त्याच्या ओट्यावर येऊन बसले. "अरे, आम्ही तुम्हना सत्कार करा. आते लोक माले हासी राह्यनात."

"नाना, सत्कार करा असं आम्ही कोठे सांगं व्हतं?"

"मंग इतलं मरमर राबनात कसासाठे?"

प्रेमराजने नानांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "याच्यासाठेच," तो म्हणाला.

कार्तिकात कापूस फुटला. प्रेमराजच्या ठेकेदाराचं काम संपलं होतं, तो घरीच होता. पण वेचायला बाया मिळेनात. सगळीकडे एकदमच फुटला होता, झाडावरच लोंबत होता. अशात रत्नाचा फोन आला. ती निंबाकडे राहत नव्हती. एरंडोलला खोली घेतली होती, ब्लाउज शिवत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "त्यास्ना कापूस वेचाई गया का?"

"कोठे? बाया भेटेत नही."

"किलोले काय भाव चालू शे?"

मी वेचणीचा भाव सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती उतरली. फडकं कमरेला बांधलं आणि प्रेमराजच्या वावरात आम्हा मोजक्या बायांच्या ओळीत शिरली. प्रेमराजने बघितलं आणि पाण्याची कळशी भरायला गेला. बायांची तोंडं अशी गप्प मी आयुष्यात पाहिली नाहीत.

संध्याकाळी प्रेमराजने बांधावर काटा लावला. ओळीने गाठोडी मोजली. रत्नाचं मोजलं, वजन सांगितलं, पैसे दिले, सगळ्यांना दिले तसेच. तिने मोजून पदराला बांधले.

"आजून पाच-सहा रोजनं काम शे," तो काट्याकडे बघत म्हणाला. "सकाय येशी?"

"येसू."

ती फाट्याच्या वाटेला लागली. त्याने पुढच्या बाईचं गाठोडं काट्याला अडकवलं.