पासवर्ड कुणाला सांगायचा नाही

राजधानी तारावाहून आलेल्या, इंटरनेट कंपनीत कामाला असलेल्या टाबविया नावाच्या पोराने आमच्या छपरावर डिश बसवली आणि बजावलं, "ताई, पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही." मला हसूच आलं. आमच्या बेटावर कुणी बुबुती केली, म्हणजे तोंड उघडून काही मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. जाळं मागा, होडी मागा, द्यावीच लागते. मग पासवर्डाचं एवढं काय कौतुक?

आठवड्यात अख्खं गाव आमच्या घराभोवती बसून सिनेमे उतरवायला लागलं.

पुढच्याच बोटीने टाबविया तणतणत आला. "कनेक्शन एका घराचं आणि वापरतंय सगळं गाव! ही चोरी आहे, ताई!"

"मागून घेतलेल्याला चोरी म्हणतोस? कुठे शिकलास रे हे?"

तो तरातरा छपरावर चढला आणि डिशचे स्क्रू काढायला लागला. खाली चटई विणत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी मान वर केली. "बाळा, मी बुबुती करते. ती डिश मला दे."

टाबविया जन्मला शेजारच्याच बेटावर. तो थबकला आणि निमूटपणे स्क्रू पुन्हा आवळू लागला. मग खाली उतरून माझ्यापुढे उभा राहिला.

"ताई, आता माझी बुबुती. पासवर्ड सांगा. डिश का काढली नाही म्हणून कंपनीतल्या साहेबांना याच इंटरनेटवरून काहीतरी थाप मारायला हवी."