बन्सीनानाची पेंढी

द्वारकाबाईच्या कापसात भर दुपारी पाणी शिरलं, तेव्हा आम्ही सहाजणी वेचणीला होतो. ओटीत कापूस, पायाखाली चिखल, आणि वरच्या बांधावर बन्सीनाना कमरेवर हात ठेवून समाधानानं बघत उभे. द्वारकाबाईनं विचारलं, नाना, हे कुणी सांगितलं होतं? तर म्हणाले, लाईट आली होती, तुझी मोटर बंद दिसली, म्हणून चालू करून दिली.

कापूस फुटल्यावर पाणी देत नाहीत, हे नानांना आमच्याहून जास्त कळतं. त्यांचा सगळा जन्म शेतीत गेला. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष कापसावर नव्हतंच. त्यांनी बांधावरच्या वाळल्या गवताची एक काडी उपटली, खिशात घातली आणि निघून गेले. द्वारकाबाई त्यांच्या पाठीमागं जे बोलली ते मी इथं सांगत नाही, कारण चर्चची किल्ली माझ्याकडं असते आणि गोजरबाईच्या तोंडून असलं काही निघालं असं कुणी म्हणायला नको.

ही काडी कशाची ते सांगते. आमचं गाव खुलताबादच्या डोंगराखाली, वेरूळच्या फाट्यावरून आत. ख्रिस्ती घरं तीसेक, चर्च एका खोलीचं, आणि फादर तीन गावांत मिळून एक. यंदाचे फादर नवे, वसईकडचे, वयानं कोवळे. नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आमचा आगमनकाळ; त्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी वेदीपुढं रिकामी गव्हाणी मांडली. म्हणाले, प्रभू यायचा आहे म्हणून ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहणं म्हणजे वाट बघणं नव्हे. पाहुणा यायचा असला की आपण घर सारवतो, पाणी भरून ठेवतो. तसं हातापायांनी काही करा. ज्याच्या हातून एखादं चांगलं काम होईल, त्यानं त्याची एक काडी गुपचूप इथं टाकावी. नाताळापर्यंत बाळाचं अंथरूण तयार झालं पाहिजे.

बोलणं चांगलं होतं, पण ते शेतकऱ्यांपुढं केलं. आधी काडी कशाची यावरच पाऊण तास गेला. कडबा टोचेल, सोयाबीनच्या भुसकटानं बाळाला खाज सुटेल, असं करत करत बांधावरचं वाळलं गवत ठरलं. आणि दुसऱ्या रविवारी बन्सीनाना काखेत अख्खी पेंढी मारून आले. फादरांनी डोळे मोठे केले. एका आठवड्यात एवढी कामं?

"मागल्या सालांची बी धरली," नाना म्हणाले. "तवा ही सोय नव्हती, फादर."

नानांची घाई उगाच नव्हती. नाताळाच्या सकाळी बाळ येशूची मूर्ती दारापासून गव्हाणीपर्यंत हातात घेऊन चालायचं, हा मान वीस वर्षं त्यांचा. त्याआधी त्यांच्या वडलांचा. आणि हे नवे फादर सहज बोलून गेले होते की यंदा बाळ कोणी आणायचं ते त्या दिवशीच ठरवू. तेव्हापासून नानांना धीर नव्हता. दिसेल त्याचं भलं करत सुटले. कुणाची शेळी चरत असली की तिला ओढत घरी पोचती करायचे, तिचं पोट भरलेलं असो नसो. एकदा फाट्यावर उभं राहून त्यांनी एक मोटार थांबवली, स्वतः पुढं बसले आणि त्या माणसांना थेट वेरूळच्या लेण्यांपर्यंत नेलं. त्यांना जायचं होतं शिर्डीला.

खरं करायचं काम कोणतं ते फादर सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. नानांची एकुलती लेक प्रेरणा वाळूजला कंपनीत कामाला लागली, आणि तिथल्याच धम्मपालशी तिनं रजिस्टर लग्न केलं. तो बौद्ध घरातला, फिटर, निर्व्यसनी. नानांचा राग त्याच्या धर्मावर नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पोरीनं लग्न केल्याचं त्यांना खुलताबादच्या बाजारात, वांगी घेताना, वांगीवालीकडून कळलं. लोकांपुढं त्यांना हसून दाखवावं लागलं. तो काटा तीन वर्षं निघाला नाही. घरात प्रेरणाचं नाव बंद झालं. तिला दीड वर्षाची मुलगी आहे, करुणा, तिचं तोंडही नानांनी पाहिलं नव्हतं.

त्यांची बायको वच्छलाबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. ती डोळे तपासायला म्हणून चार वेळा शहरात जाऊन नातीला बघून आली. गावात तिच्याइतके चांगले डोळे कुणाचे नाहीत. लेकीचा फोन आला की ती म्हशीच्या गोठ्यामागं जाऊन बोलते. या नाताळाला पोरीला घरी बोलवा, एवढं एकच ती नवऱ्याला मागत होती. नाना म्हणाले, ती आली तर मी शेतात जाऊन बसन. आणि लगेच कुणाचं तरी भलं करायला बाहेर पडले.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दुपारी वच्छला झाडून घेते म्हणून किल्ली मागायला आली. परत आली तेव्हा पदराखाली नानांची पेंढी. मी बघत राहिले. म्हैस उपाशी राहते, एवढंच ती म्हणाली. मला अडवायला हवं होतं, पण हसू आवरेना. रविवारी नाना घाईत दुसरी पेंढी टाकून गेले, आणि पुढच्या शनिवारीही मी किल्ली दिली.

चौथ्या रविवारी नाना नवी पेंढी घेऊन आले, तर गव्हाणीत त्यांची एकही काडी नाही. बाकीच्यांच्या तेवढ्या बारीक काड्या जागच्या जागी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायची होती. नाना वळले ते थेट माझ्याकडं, आणि सगळ्यांदेखत विचारलं की किल्ली तुझ्याकडं असते, माझी चांगली कामं कुठं गेली? मी किल्ली पदराखाली सरकवली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वच्छला उभी राहिली.

"म्हशीनं खाल्ली," ती म्हणाली. "म्याच घातली. तीन लिटर देत व्हती, आता चार देती. तेवढा उपेग झाला बगा."

"माझ्या कामांची वैरण केलीस?"

"एक काम राह्यलंय तुमचं. त्याची काडी आना. ती म्या म्हशीला दावनार बी नाय."

कोणतं काम, फादरांना काही कळेना. ते द्वारकाबाईनं सांगितलं, कारण तिच्या पायांचा चिखल अजून वाळला नव्हता. वाळूजला बजाजनगरात लेक आहे त्यांची, तीन वर्षांत तिच्या दारात गेले नाहीत. नानांनी पेंढी उचलली आणि मिस्सा न ऐकता निघून गेले. मला वाईट वाटलं. भर चर्चात माणसाचं असं करू नये, असं मी नंतर वच्छलाला म्हणालेही. ती म्हणाली, घरात सांगून थकले. मग तिथंच पायरीवर बसून रडली, आणि मीही.

दोन दिवस नाना कुणाशी बोलले नाहीत, आणि गावातल्या शेळ्यांना जरा आराम मिळाला. तेवीस तारखेला सकाळी त्यांनी फवारणीचा पंप पाठीवर चढवला. गळतोय, वाळूजला दुरुस्त करून आणतो म्हणाले. पंप दुरुस्तीची दुकानं खुलताबादेत आहेत. वच्छलानं भाकर बांधून दिली.

त्या दिवशी नाना परतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही सकाळ गेली. वच्छला घाबरली, मी तिच्याजवळ बसले, आणि दुपारी प्रेरणाचा फोन आला. त्या दिवशी पहिल्यांदा वच्छला गोठ्यामागं गेली नाही, ओट्यावरच बोलली.

झालं असं होतं. बजाजनगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये नाना पंप घेऊन शिरले, तर खालच्या बाईला वाटलं झुरळांचं औषध मारणारा आला. तिनं त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याखालची भांडी काढून दिली. नानांना नाही म्हणता येईना. रिकाम्या पंपानं त्यांनी सगळे कोपरे फवारले. मग वर जायचा धीर होईना, म्हणून जिन्यात बसून राहिले. पहिली पाळी करून धम्मपाल आला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. कुणाकडं आलात, असं त्यानं विचारलं, तर नाना म्हणाले, माझा पंप गळतो.

पोरगं तिथंच पायरीवर बसलं. पंप खोलला, वायसर बघितला, नळी बघितली, परत बसवला. मग त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. नाक प्रेरणाचंच होतं.

"पंपाला काय झालं नाय, मामा," तो म्हणाला. "वर चला, चहा घेऊ."

आमच्याकडं नाताळाची मिस्सा सकाळी असते, फादरांना तीन गावं करायची असतात. चर्च भरलं होतं. दारात जीप थांबली आणि आधी प्रेरणा उतरली, तिच्यामागून नाना, खांद्यावर नात झोपलेली. पोरीची लाळ त्यांच्या नव्या सदऱ्यावर उतरत होती आणि नाना हलायला तयार नव्हते. वच्छला माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

फादरांनी मूर्ती उचलली आणि सरळ नानांपुढं धरली. सगळे बघत होते. या क्षणासाठी त्या माणसानं महिनाभर गाव पिडलं होतं. नानांनी मूर्तीकडं बघितलं, मग खांद्यावरच्या डोक्याकडं.

"माझे हात मोकळे नायीत, फादर," ते म्हणाले. जरा थांबले. "जावयाकडं द्या. त्यांचे हायेत."

धम्मपाल दाराशी, बूट काढून उभा होता. तो बावरला. मी बुद्धाला मानणारा, चालंल का, असं त्यानं हळू विचारलं. फादर म्हणाले, गव्हाणीपर्यंतच तर न्यायचं आहे. त्यानं मूर्ती दोन्ही हातांत घेतली आणि खाली बघत, पावलं मोजून टाकत नेली. नाना नातीला घेऊन त्याच्याशेजारी चालले. मी डोळे पुसले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गव्हाणीपाशी नानांनी वच्छलाला खुणेनं बोलावलं आणि हनुवटीनं सदऱ्याचा खिसा दाखवला. तिनं हात घालून काडी काढली. गवताची नव्हतीच. बजाजनगरात बांध कुठला, लेकीच्या घरातल्या झाडूची काडी मोडून आणली होती, जाड आणि टोकेरी. वच्छलानं ती उलटसुलट करून पाहिली आणि बाळाला टोचू नये म्हणून अगदी कडेला ठेवली.

तेवढ्यात करुणा जागी झाली. आजोबांच्या हातातून खाली वाकली, ती काडी उचलली आणि तोंडात घालून चावायला लागली. फादर पुढं झाले. वच्छलानं त्यांना थांबवलं, आधी नातीच्या तोंडातलं टोक मोडून टाकलं आणि उरलेली काडी तिच्या मुठीत परत दिली.

नाना बायकोकडं बघत होते.

"ही काडी बी राह्यली नाय," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," वच्छला म्हणाली. "ही खाल्लेली चालंल."