यादीत न बसणारं नाव

वस्तीत सिफिलिसची साथ पसरून तीन महिने झाले होते आणि दवाखान्यातल्या ताईच्या चपला तीनदा शिवून झाल्या होत्या. कामच तसं होतं. एक रोगी सापडला की सिस्टर त्याला विचारी, वर्षभरात कुणाकुणाशी संबंध आला. मग त्या माणसांच्या दारी जाऊन त्यांना तपासणीला आणायचं ते ताईनं. रोग मोठा लबाड. फोड उठतो, दुखत नाही, आपोआप जातो, आणि माणूस समजतो सुटलो. खरी नावं फार थोडे सांगत. चिठ्ठ्यांवर बहुतेक टोपणनावं आणि खुणाच असत.

त्या सोमवारच्या चिठ्ठीवर होतं, ‘डावखुरा सुतार. वखारीमागची खोली. शिट्टी वाजवत काम करतो.’

तिनं ती पुन्हा एकदा वाचली. असे सुतार जगात दहा असतील, पण तिला एकच ठाऊक होता. नऊ वर्षांपूर्वी परगावी काम मिळालं तेव्हा तो तिला चल म्हणाला होता. आईचं आजारपण उरकलं की येते, असं ती म्हणाली. मग धाकट्या भावाचं लग्न उरकलं की. दर वेळी काहीतरी उरकायचं राहिलंच, आणि पत्रं थांबली. तो परत आलाय हे तिला आज कळत होतं. मधे त्याचं कुणीतरी होतं हेही त्याच चिठ्ठीनं कळलं, आणि ते तिला लागलं.

ओळखीचा माणूस निघाला तर चिठ्ठी दुसऱ्याला द्यायची, असा नियम होता. इतरांना नियम शिकवणाऱ्या ताईनं ती गुपचूप पर्सच्या तळाशी सारली.

वखारीमागे शेजारीण कान टवकारून कपडे वाळत घालत होती. कुणी ऐकत असेल तर दारात रोगाचं नाव काढायचं नाही, ‘बरेच दिवस भेट नाही, म्हणून सहज आले’ एवढंच म्हणायचं. शेकडो दारांत तिनं ते म्हटलं होतं. आतली शिट्टी थांबली, दार उघडलं. कपाळावर भुसा, कानशिलं पिकलेली, पण तोच.

“बरेच दिवस भेट नाही,” ती म्हणाली, “म्हणून सहज आले.”

वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

त्यानं हातातला रंधा खाली ठेवला. “नऊ वर्षं लावलीस, लगबगे.” पळत असल्यासारखी चालते म्हणून त्यानंच ठेवलेलं हे नाव, दुसरं कुणी तिला तशी हाक मारत नसे. “ये, बस. मला वाटायचं, येशील एक दिवस.”

खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवरचा भुसा त्यानं बाहीनं पुसला. चिठ्ठी आजच्या दिवस पर्समध्येच राहू द्यावी, असं तिला फार वाटलं. पण न दुखणारा हा रोग पुढे डोळ्यांचं, मेंदूचं काय करतो ते तिनं पाहिलं होतं. तिनं दार लोटलं आणि चिठ्ठी काढली.

त्यानं वाचली. “म्हणजे यासाठी आलीस.”

“यासाठी आले.”

“आणि हे नसतं तर?”

“तू इथं आहेस हेच कळलं नसतं. कळलं असतं तरी धीर झाला नसता.”

“कुणी सांगितलं माझं?”

“ते मी कुणालाच सांगत नाही.”

त्यानं चिठ्ठीची घडी घालून ती परत दिली. मग म्हणाला, “कर काय ती तपासणी.”

कामाचा हात कोणता ते आधी विचारायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट टोचायचं, ही रीत. तिनं सरळ त्याचा उजवा हात घेतला.

“विचारलं नाहीस,” तो म्हणाला.

“नाही.”

रक्ताचा थेंब पट्टीवर पडला. आता पंधरा मिनिटं थांबायचं. इतर घरांत ती तेवढ्या वेळात तीनदा घड्याळ बघे. आज तिनं ते बाहीखाली सारलं. आई गेली का, त्यानं विचारलं. गेली, ती म्हणाली. “खुर्च्या दोन केल्या होत्या,” तो म्हणाला, “एक देऊन टाकली.” ही पंधरा मिनिटं संपूच नयेत, असं तिला वाटत होतं.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे रोग होता.

“गुरुवारी दवाखान्यात ये. इंजेक्शन घेतलंस की बरा होशील.”

“तू असशील?”

हो म्हटलं असतं तर तो नक्की आला असता. “नाही,” ती म्हणाली. “ओळखीच्या माणसाच्या वेळी मला थांबता येत नाही. तरी ये.”

त्यानं रंधा पुन्हा उचलला.

गुरुवारचा सगळा दिवस ती दुसऱ्या गल्ल्यांतून हिंडली, जीव टांगणीला लागलेला. संध्याकाळी परतली तेव्हा सिस्टर हात धूत होती.

“अहो ताई, तुमच्या चिठ्ठीतला सुतार येऊन गेला. कमरेत दोन्ही बाजूंना सुई टोचली तरी हूं की चूं नाही. पण यादी देताना डोकं खाल्लं माझं. वर्षभरातली माणसं सांग म्हटलं, तर एक नाव नऊ वर्षांपूर्वीचं. बसत नाही यादीत म्हटलं, तर म्हणे, लिहा तरी. पत्ता विचारला तर म्हणे, तिचा कशाला हवा, तिला माझा ठाऊक आहे.”

यादीतलं ते नाव सिस्टरनं एका रेघेनं खोडलं होतं. रेघेखाली ते स्वच्छ वाचता येत होतं.

“कोण असेल हो ही लगबग? कुठं सापडायची?”

“सापडेल,” ताई म्हणाली आणि नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात घालू लागली. “जरा उशीर लावते ती, एवढंच.”