विरघळणारं कापड

सरोजिनीने चिमट्यातली पट्टी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाच मिनिटं. पट्टी तशीच.

एव्हाना तिचा लगदा व्हायला हवा होता.

दहा मिनिटं. पट्टी. धागा न् धागा वेगळा दिसत होता.

तिने पेला ओतून टाकला, नवं पाणी केलं, बरणीतली दुसरी पट्टी सोडली.

पंधरा मिनिटं.

पट्टी.

अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिने हे कापड बनवलं होतं. साधी सुती जाळी आम्लाच्या वाफेत ठेवायची. ती पिवळसर होते, जखमेवर दाबली की रक्त थांबवते आणि तीन-चार आठवड्यांत शरीरातच विरघळून जाते. नऊ कुत्र्यांच्या पोटात ती विरघळली होती. अकोल्याच्या डॉक्टर मोरोपंतांनी त्या नऊही पोटांवर स्वतः शस्त्रक्रिया केली होती. महिन्यापूर्वी तिने त्यांच्या इस्पितळात एक बरणी ठेवली होती. आज सकाळी ती परत आली, सोबत चिठ्ठी.

'सोमवारी तेल्हाऱ्याचा पुंजाराम आला. बैलाचं शिंग बरगडीखाली घुसलेलं. यकृत फाटलं होतं, टाके धरत नव्हते. बरणीतलं कापड घड्या करून दाबलं. रक्त थांबलं. पोट शिवलं. हा पहिला माणूस. उरलेलं तपासून ठेवा.'

सरोजिनीने बरणी खिडकीपाशी नेली. आतल्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सकाळी चिठ्ठीच्या आनंदात तिने त्याकडे पाहिलंच नव्हतं.

आज गुरुवार.

साधं कापड पोटात राहिलं की विरघळत नाही. सडतं.

तार ऑफिसात तिने कागद मागून घेतला.

'कापड चुकीचं. पोट उघडा.' खोडलं. उघडल्यावर यकृत पुन्हा वाहू लागलं तर?

'कापड विरघळत नाही. थांबा.' खोडलं. कशासाठी थांबा?

"बाई, पाठवायची का नुसती खोडायची?" तारबाबूंनी विचारलं.

'येते आहे.' तेवढीच पाठवली.

गाडी. बडनेरा स्टेशन. पुंजारामचा ताप शंभर असेल.

कुरूम. एकशे एक.

मूर्तिजापूर. एकशे तीन. समोरच्या बाईने संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. सरोजिनीने हात जोडून नको म्हटलं.

बोरगाव. तिथला आकडा तिने मनात येऊ दिला नाही.

इस्पितळाच्या ओसरीवर एक शेतकरी बाई पितळी तांब्या घासत बसली होती. सरोजिनीच्या हातातली बरणी पाहून ती उठली.

"उमरावतीच्या कापडवाल्या बाई तुमीच काय? मी गोदाबाई. पुंजारामची घरवाली."

"कसे आहेत ते?"

"काल आंग गरम होतं थोडं. आज भाकर मागून राह्यले. नाई देली त मले शिव्या देल्या." ती हसली. "शिव्या देऊन राह्यले म्हंजे बरेच असतीन, नाई का?"

काल ताप होता. सरोजिनी आत वळली.

ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात पार्वताबाई उभी होती. वीस वर्षं वॉर्डातली कामं करणारी बाई. तिने बरणी पाहिली आणि पदर तोंडाशी नेला.

"बाई, मी मुद्दाम नाई केलं."

"काय केलंत?"

"दिवाईच्या आधी समदी कपाटं काहाडली. ते पिवयं पडलं होतं. मले वाटलं जुनं झालं, धुवून ठेवू. सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं अन् हात घातला, त काईच नाई. नुसतं चिकट चिकट." तिने दोन्ही तळवे पुढे केले, जणू ते अजून तिथेच होतं. "मले लई भेव वाटलं. मंग ड्रममधली उकडलेली जाळी कापून भरून देली. तेवढ्याच घड्या केल्या, बाई. तश्याच."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? कापड हातात विरघयलं म्हणून? कोन मानलं असतं?"

बरणीवर सरोजिनीनेच चिठ्ठी डकवली होती: धुऊ नये. इंग्रजीत.

डॉक्टर मोरोपंत टेबलाशी बसून तापाचे तक्ते पाहत होते. तिने बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

"डॉक्टर, पुंजारामच्या पोटात माझं कापड नाही. साधी जाळी आहे. चूक माझी. कपाट आवरणाऱ्या बाईला मी काही सांगितलंच नव्हतं."

त्यांनी बरणीकडे पाहिलं. चष्मा काढला. पुन्हा लावला.

"चला," ते म्हणाले.

पुंजाराम डोळे मिटून पडला होता. डॉक्टरांनी चादर दूर केली, पोटावरचा पट्टा सोडला. मधल्या टाक्यांच्या बाजूला, बरगडीखाली, एक लहानसं छिद्र होतं. त्यातून कापडाचं टोक बाहेर आलं होतं. टोकाला, ते आत सरकू नये म्हणून, सेफ्टी पिन.

सरोजिनीने खाटेची दांडी धरली.

"साधी जाळी ठेवतात तसंच टोक बाहेर ठेवलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आज-उद्या ओढणारच होतो."

"चिठ्ठीत लिहिलं नाहीत."

"तुम्ही विचारलं असतं, विश्वास नाही का म्हणून."

"नव्हता?"

"पोट त्याचं होतं, सरोजिनीबाई."

पुंजारामने डोळे उघडले. "काहून कुजबुजून राह्यले? मेलो नाई ना मी?"

"नाही. दात आवळून धरा."

पार्वताबाईने तसराळं धरलं. डॉक्टरांनी टोक चिमट्यात घेतलं आणि ओढायला सुरुवात केली. बोटभर. थांबले. आणखी बोटभर. पुंजारामच्या घशातून बैलासारखा आवाज आला. कापड येत राहिलं, आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळं. शेवटची घडी अडली. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम टपकला, तो पुसायचं कुणाला सुचलं नाही.

घडी सुटली.

तिघंही त्या छिद्राकडे पाहत राहिली. पातळ, गुलाबी पाणी आलं. आणखी थोडं. आता लाल येईल. आता.

नाही आलं.

हात धुताना डॉक्टरांनी नळ बराच वेळ उघडा ठेवला. पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही इतक्या लांब येऊन सांगितलंत. दुसरं कुणी गप्प बसलं असतं. नवी बरणी करा. पुढच्या माणसाला टोक बाहेर ठेवणार नाही. शब्द देतो."

दोन वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती. बाहेर पुंजाराम पुन्हा भाकरी मागत होता, गोदाबाई त्याला दटावत होती.

सरोजिनीने पदराने तळहात पुसले. ते ओले नव्हते.

"टोक ठेवा, डॉक्टर," ती म्हणाली. "निदान वीतभर."