गुणाजींचा पिक्चर

सुट्टीच्या दिवशी कुठला पिक्चर बघायचा, हे चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरायचं. म्हणजे हर्षद आणि त्याच्या ऑफिसातला नितेश ठरवायचे, आणि त्यांच्या बायका, जान्हवी आणि दिशा, त्याखाली होकाराचा अंगठा टाकून मोकळ्या व्हायच्या. तीन वर्षं असंच चाललं होतं. यंदा एक मेच्या आधी जान्हवीने पहिल्यांदाच स्वतःहून एका पिक्चरचं नाव सुचवलं.

पिक्चर मराठी होता, लहानसा. बोरिवलीच्या एकाच थिएटरात त्याचा रोज एक शो होता, सव्वाअकराचा. शुक्रवारी तो उतरणार होता. त्यात जान्हवीच्या वडिलांनी काम केलं होतं. गुणाजी गिरणीतले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले. गावच्या नाटकांत उभं राहायची हौस मात्र जन्मभराची. कुणाच्या तरी ओळखीने सत्तरीला टेकल्यावर त्यांना तीन वाक्यांचा रोल मिळाला. मार्व्याहून बोटीने मनोरीला जाऊन ते दोन दिवस शूटिंग करून आले, आणि नंतर मालाडच्या घरी येईल त्याला ती तीन वाक्यं म्हणून दाखवत राहिले. हर्षद त्यांच्या समोरच त्यांची नक्कल करायचा. ते हसायचे. पिक्चर लागायच्या आत, श्रावणात, ते गेले.

ग्रुपवर नितेशने एका मारधाडीच्या पिक्चरचा ट्रेलर टाकला होता. हर्षदने तिकिटांचं ॲप उघडलंसुद्धा नाही. जान्हवीला म्हणाला, बघितलं मी, तुझा तो शो फुल आहे. मग नितेशचाच पिक्चर ठरला, त्याच थिएटरात, साडेदहाचा. जान्हवीला आश्चर्य वाटलं, थोडा अभिमानही वाटला. तिने आईला फोन करून सांगितलं की बाबांच्या पिक्चरला तिकीटच मिळत नाहीये. सुगंधाबाईंनी फोन ठेवला आणि शेजारच्या तीन घरांत जाऊन ही बातमी सांगून आल्या.

एक मेला मध्यंतराला चौघं पॉपकॉर्न घ्यायला लॉबीत आले, तेव्हा तिकीट खिडकीजवळच्या बाकावर सुगंधाबाई बसलेल्या होत्या. लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी, मांडीवर पर्स. गर्दीत एखादं तिकीट कुणी परत केलं तर आपल्याला मिळेल, म्हणून त्या मालाडहून दहालाच येऊन थांबल्या होत्या.

जान्हवी धावत त्यांच्याजवळ गेली. सुगंधाबाईंनी आधी तिच्याकडे, मग मागच्या तिघांकडे पाहिलं.

"फुल्ल म्हणालंस ना गो?" त्या म्हणाल्या. "एक पण तिकीट गेला नाय. शो रद्द केल्यानी. खिडकीवरचो सांगता, चार-पाच माणसां असती तर लावलो असतो."

जान्हवीने वळून हर्षदकडे पाहिलं. तो खोटं तरी बोलेल असं तिला वाटलं. ॲपमध्ये गडबड झाली असेल, दुसऱ्याच दिवसाचं बघितलं असेल, असं काहीतरी. पण नितेश आणि दिशासमोर आपण पकडलो गेलो, याचाच त्याला राग आला होता.

"आई, तीन वाक्यं होती त्यांची," तो म्हणाला. "ती पण आम्हाला पाठ आहेत. त्यासाठी चौघांची सुट्टी घालवायची होती का?"

नितेशने मोबाईल काढला. दिशाने, काय करावं हे न सुचून, हातातला पॉपकॉर्न सुगंधाबाईंच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. त्या उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

"जा तू," त्या लेकीला म्हणाल्या. "तुमचो सुरू झालो असतलो."

जान्हवीने त्यांच्यासोबत जायला हवं होतं. पर्स आत खुर्चीवर राहिली होती, ती आणायला म्हणून ती अंधारात शिरली, पर्स उचलली आणि खाली बसली. उरलेला पिक्चर तिने पूर्ण पाहिला. आपण का बसलो हे तिला तेव्हाही कळलं नाही. बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

घरी आल्यावर तिने सगळं हर्षदवर टाकलं. स्वतःचं बसणं त्यात कुठेच आलं नाही. माझ्या बापाचं तोंड पडद्यावर बघायचं आईच्या नशिबात नव्हतं, ते तुझ्यामुळे, एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. आठवडाभरात हर्षद मऊ पडला. सुगंधाबाईंनी नातेवाइकांत सगळीकडे सांगितलं होतं. गावाला त्याच्या आईलासुद्धा फोन गेला होता.

पिक्चर कुठून तरी मिळतोय का, हे विचारायला जान्हवीने चंद्रप्रकाशला फोन केला. तो दिग्दर्शकाचा सहायक. शूटिंगच्या वेळी गुणाजींना बोटीवरून उतरवून घ्यायचा. तिने बाबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला की काकांचा सीन शेवटी कापला, पिक्चर लांब होत होता. त्यांना सांगणार होतो, पण राहून गेलं. गेल्याचंही उशिरा कळलं.

म्हणजे त्या दिवशी शो लागला असता तर आई हिरव्या साडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नवऱ्याला शोधत बसली असती. जान्हवी स्वयंपाकघरात उभी होती. बाहेरच्या खोलीत हर्षद होता. त्याला हाक मारावी असं तिच्या मनात आलं, तोंडापर्यंत आलंही. तिने गॅस बारीक केला आणि कुकरकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी हर्षद मालाडला जाऊन सुगंधाबाईंच्या पाया पडला. चुकलं म्हणाला. त्यांनी पाय मागे घेतले. चहा ठेवला, त्याच्यासमोर कप आणून ठेवला आणि शेजारणीशी बोलायला दारात जाऊन उभ्या राहिल्या. हर्षदचे कान लाल झाले होते. त्याने जान्हवीकडे पाहिलं, काहीतरी बोल म्हणून.

एका वाक्यात तो सुटला असता. जान्हवी त्याच्याकडे बघत होती. तिला बरं वाटत होतं, फार दिवसांनी.

"चहा पी," ती म्हणाली. "आणि बस असाच. आईचं बोलून होईपर्यंत."