चाकापुढची वीट

माझ्या कानांनी मला आयुष्यभर पोसलं. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी गिअरबॉक्सच्या जुळणीवर होतो, आणि दातात दात बसला की नाही हे मी डोळ्यांनी नव्हे, आवाजावरून सांगत असे. नीट बसलेल्या गिअरचा आवाज आखूड आणि भरीव असतो. त्या रविवारी तो आला नाही. मला ते कळलं होतं, आणि मी बोललो नाही.

आमची सोसायटी कोथरूडला, टेकडीच्या अंगाला. इमारतीच्या जिन्यापासून फाटकापर्यंत सगळं पार्किंग उतारावर आहे. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून इथे आलो तेव्हा बिल्डर म्हणाला होता की हवा छान येते. उताराबद्दल तो काही म्हणाला नव्हता. सोसायटीचा सचिव मी, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि मी झाल्यावर तर दुसऱ्या कोणाची हिंमत झाली नाही, असं माझी बायको कुसुम म्हणते.

फाटकाशी वैजनाथ, आमचा वॉचमन. परळीकडचा. आधी मार्केट यार्डात ट्रकवर हमाली करायचा, त्यामुळे गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा हे त्याच्या हातात बसलेलं. आमच्याकडच्या गाड्यांनाही तो न सांगता विटा लावायचा. त्याची बायको मालनबाई फाटकाच्या खांबाला लागून इस्त्रीचं टेबल मांडायची. वैजनाथला अक्षरओळख नाही. मालनबाई सातवी शिकलेली, त्यामुळे सचिव म्हणून मी लावलेल्या पाट्या त्याला तीच वाचून दाखवायची.

समोरच्या फ्लॅटमधला शौनक हिंजवडीला नोकरीला. सोमवार ते शुक्रवार कंपनीची बस त्याला नेऊन आणायची, आणि नुकतीच घेतलेली सेकंडहँड गाडी फाटकाकडे तोंड करून उभी असायची. हँडब्रेक ढिला होता. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पहिल्या गिअरमध्ये ठेवतो ना काका, शिवाय वैजनाथची वीट असतेच."

त्या रविवारी सकाळी त्याने गाडीची दारं उघडी टाकून आतला पसारा बाहेर काढला होता. शेजारी स्पृहा, त्याची होणारी बायको, कागद धरून उभी. इंटरनेटवरच्या एका फोरमवरून उतरवून ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली वीसेक पानं होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"शॉर्ट शिफ्टर बसवतोय, काका. मित्राने अमेरिकेहून आणला. गिअरचा दांडा हलवायचं अंतर जवळपास निम्मं होतं. एकदम क्विक."

"आणि वाचलेल्या वेळाचं काय करणार?"

तो हसला. मला तो आवडायचा, हे इथे सांगून टाकतो. आवडायचा म्हणूनच पुढचं लागलं.

मी दहा नंबरचा पाना देत, बोल्ट वाटीत गोळा करत दोन तास तिथे उभा होतो. पोराचा हात वाईट नव्हता. जुना दांडा काढला, नवा बसवला, खालच्या केबली अडकवल्या, ग्रीस लावलं. मग दोन सीटांमधलं प्लास्टिकचं कव्हर परत बसवलं, आत बसला आणि दांडा पहिल्या गिअरमध्ये ढकलला.

टक्.

लोखंड प्लास्टिकवर आपटल्याचा आवाज. दांडा कव्हरच्या कडेला टेकून थांबला होता. खाली गिअरला अजून थोडं पुढे जायचं होतं, ते राहून गेलं. म्हणजे दात दातात अर्धेच. कड पाव इंच कानशीने घासली असती की झालं. दहा मिनिटांचं काम. घरात कानस माझ्याकडेच होती.

"शौनक, ती प्लास्टिकची कड..." मी सुरुवात केली.

"काका, प्लीज," तो कागदांवरून नजर न काढता म्हणाला. "हे तुमच्या वेळच्या गाड्यांसारखं नसतं. फोरमवर शेकडो लोकांनी असंच बसवलंय."

स्पृहा हसली. वाईट हेतूने नसेल. पण एकतीस वर्षं गिअरबॉक्स जुळवलेला मी तिच्या हसण्यात एका क्षणात निकालात निघालो.

"असेल बाबा," मी म्हणालो आणि वर चहाला गेलो.

कुसुमने चेहरा बघून विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग सांगा त्याला."

"विचारल्याशिवाय सांगणं मी सोडलं."

"कधी? सकाळी दूधवाल्याला सांगत होतात ते?"

मी पेपर उघडला. संध्याकाळी शौनक आणि स्पृहा चक्कर मारून आले. जिन्यात तो तिला म्हणत होता, "पहिला कधीकधी सुटतोय. होईल सवय." मी दाराच्या आत उभा राहून हे ऐकलं, आणि मला चक्क बरं वाटलं.

राग एका जागी अडवला की दुसरीकडून वाट काढतो. सोमवारी सकाळी खाली उतरलो तर शौनकच्या चाकापुढे वैजनाथची वीट. ती बघून माझं डोकं फिरलं. वर येऊन मी पाटी लिहिली आणि पार्किंगमध्ये लावली:

'चाकांपुढे विटा ठेवू नयेत. सोसायटीचे बांधकाम पूर्ण होऊन नऊ वर्षे झाली. – सचिव.'

चौथ्या मजल्यावरच्या श्रीधररावांनी वाचून "वा!" म्हटलं. मी खूश. वैजनाथ मात्र टोपी हातात घेऊन वर आला.

"सायेब, उतार हाय. चाकाला काईतरी लागतंय."

"हे मार्केट यार्ड नाही, वैजनाथ."

"बरं, सायेब," तो म्हणाला. दुपारपर्यंत सगळ्या विटा गेल्या.

मंगळवारी सकाळी गॅलरीतून बघताना माझ्या लक्षात आलं. पार्किंगच्या खांबावर पिवळा पट्टा आहे. शौनकच्या गाडीचं नाक रोज त्या पट्ट्याच्या रेषेत असतं. त्या दिवशी ते चार बोटं पुढे होतं. माझी नजर अशी चूक करत नाही. तरी मी म्हटलं, त्यानेच काल तशी लावली असेल.

बुधवारी सकाळी वीतभर पुढे होतं. मंगळवारी गाडीला कोणी हात लावला नव्हता, कारण शौनकला घरी यायलाच उशीर झाला होता. मी खाली गेलो. गाडीभोवती फिरलो. काचेतून दांडा दिसत होता, कव्हरच्या कडेला टेकलेला. वीट शोधली तर आसपास एकही नव्हती. हुकूम माझाच, आणि तो तंतोतंत पाळला गेला होता. दगड मिळाला असता, कुंडीही चालली असती. पण सचिवानेच आपल्या पाटीखाली चाकाला कुंडी लावायची? कोणी बघितलं असतं तर? मालनबाई तेवढ्यात टेबलामागून म्हणाल्या, "सायेब, शर्ट झालेत, नेता का?" मी शर्ट घेतले आणि वर आलो.

संध्याकाळी शौनकला सांगायचंच असं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. तो बसमधून उतरून आला, कानांत वायरी, मोबाइलवर इंग्रजीत कोणाशी तरी बोलत. मला बघून त्याने नुसती मान हलवली. एवढीशी. मला ती पुरली. उद्या सांगू, म्हटलं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला पाण्याचा टँकर आला. तो रिव्हर्समध्ये टाकीपर्यंत चढतो तेव्हा आमच्या कपाटातली भांडीही वाजतात. मी गॅलरीत उभा होतो. टँकर शौनकच्या गाडीजवळून गेला, आणि गाडीच्या पोटातून एक बारीक आवाज आला. तिसऱ्या मजल्यावर तो फक्त मला ऐकू आला असेल. दात सुटल्याचा.

सुटलेली गाडी गडगडाट करत जाते असं लोकांना वाटतं. ही मुकाट निघाली. आधी चालणाऱ्या माणसाच्या गतीने, मग त्याहून जोरात. खाली मालनबाई पाठमोऱ्या, इस्त्रीत निखारे भरत होत्या.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मालनबाई!"

त्या वळल्या आणि वर माझ्याकडे बघितलं. गाडीकडे नाही, माझ्याकडे. सचिव ओरडले म्हणजे काहीतरी चुकलं असणार, म्हणून हातातली इस्त्री खाली ठेवून, पदर सारखा करून, बोलणी खायला उभ्या राहिल्या. नऊ वर्षं मी या आवाजात फक्त रागावलोच होतो. या आवाजात सावध करताही येतं, हे त्यांना कळणार तरी कसं?

गाडीने टेबल घेतलं आणि टेबलासकट त्यांना खांबाशी दाबलं.

मालनबाईंचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पोलीस आले, पंचनामा झाला. गाडी उघडली तेव्हा दांडा न्यूट्रलला होता. शौनक कंपनीतून धावत आला, घामाने थबथबलेला.

"मी फर्स्टमध्ये ठेवली होती," तो पुनःपुन्हा म्हणत होता. "शपथ घेऊन सांगतो."

"मग काय भुताने काढली?" श्रीधरराव म्हणाले.

शौनक गर्दीत एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडेही बघितलं. त्या सगळ्यांत त्याचं खरं आहे हे माहीत असलेला एकच माणूस होता. थोड्या वेळाने तो खाली बसला आणि म्हणाला, "विसरलो असेन मी. विसरलोच असेन." पोलिसांनी तेवढं लिहून घेतलं. मी पंच म्हणून सही केली.

आठव्या दिवशी कुसुमने थर्मास भरला. "मी दवाखान्यात जातेय. तुम्ही येताय," म्हणाली. रिक्षात एकदाच बोलली: "आज सांगून टाका. त्यांना तरी."

मालनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वैजनाथ पायथ्याशी, म्हणजे जिथे एकच पाय होता तिथे, बसला होता. मला बघून तो उभा राहिला. मालनबाईंनी उठायचा प्रयत्न केला.

"तुमचे शर्ट जळाले का हो, सायेब? त्या दिशी सकाळी दिलेले, तीन व्हते."

"शर्टाचं राहू द्या," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी रिक्षात जुळवून आणलं होतं. ते तोंडाशी आलं होतं.

"शौनकदादाला काई बोलू नका," त्या म्हणाल्या. "पोरगं रडत व्हतं इथं येऊन. म्याच केलं समदं. हे म्हनत व्हते, सायबाला न कळता त्या गाडीला तरी वीट ऱ्हाऊ दे. म्या म्हनलं, पाटीत साफ लिवलंय, नगं. टेबल डुगडुगत व्हतं माझं. तीच वीट उचलली आन् टेबलाच्या पायाखाली घातली." त्यांनी डोळे पुसले. "चूक माझीच हाय, सायेब."

वैजनाथ खाली बघत होता. कुसुम माझ्याकडे बघत होती. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात लपवला.

"चूक तुमची नाही, मालनबाई," मी म्हणालो.

मग कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय सांगणं मी सोडलेलं आहे.